दुखायचंच असेल तर कागदपत्रं तयार ठेवा

ग्वाल्हेरात राहून दुखणं काढायचंच असेल, तर ते जरा पारखून काढावं असा माझा सल्ला आहे. बाड्यावर चप्पल घ्यायची तर आपण चार दुकानं पालथी घालतो. दुखणं मात्र जे येईल ते मुकाट घरात घेतो. मग औषध मिळेना झालं की सरकारच्या नावाने बोटं मोडतो. सरकारचं काही चुकत नाही. आपली निवड चुकलेली असते.

नवशिक्यांनी झोप न येण्यापासून सुरुवात करावी. अल्प्राझोलाम नावाची गोळी औषध नियमांच्या ‘एच-वन’ परिशिष्टात बसते. १ मार्च २०१४ पासून त्या परिशिष्टातल्या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकट आली, चौकटीत इशारा आला, आणि दुकानदाराच्या टेबलावर एक वेगळं रजिस्टर आलं. लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध, नग, सगळं त्यात मांडायचं आणि रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. वाचून घाबरू नका. लष्कर भागातल्या ओळखीच्या मेडिकलवर जा आणि थंडीत गजक मागावी तशा आवाजात मागा. दुकानदार एकच प्रश्न विचारेल, ‘पॉइंट टू फाइव्ह दूँ के पॉइंट फाइव्ह?’

फक्त पर्चा, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, सोबत नेऊ नका. पर्चा दाखवणारा माणूस एक तर परगावचा असतो नाही तर ड्रग इन्स्पेक्टरने पाठवलेला. दुकानदार त्याच्या पर्च्यावरची तारीख बघतो, सही बघतो, मग त्याच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, माल नहीं है. रिकाम्या हाताने आलेला, तो घरचा.

आणि रजिस्टर? ते महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरतात. आमच्या दुकानदाराला मी ते लिहिताना पाहिलंय. डोक्यावर पंखा, कोपराशी चहा, आणि चेहऱ्यावर दिवाळी अंकाची मुदत गाठणाऱ्या लेखकाची तंद्री. पात्रं त्याला जुन्या पर्च्यांच्या झेरॉक्समधून मिळतात. आमच्या आत्याचीही एक झेरॉक्स त्या गठ्ठ्यात होती. काकांच्या मागे तिला महिना-दीड महिना झोप लागत नव्हती, तेव्हाची.

(डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असंही २०१६ साली ठरलं. ठरलं, एवढंच.)

‘एक्स’ परिशिष्टाच्या वाटेला हौसेने जाऊ नये. तिथे पर्चा दोन प्रतींत लागतो, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं ठेवायची, औषधाला स्वतंत्र कुलूप. एवढा व्याप नको म्हणून दुकानदार ते औषधच ठेवत नाही. न ठेवलेल्या औषधाचा गैरवापर होत नाही, हे मात्र कुणालाही मान्य करावं लागेल.

आमच्या आत्याने निवडीत घोळ केला. उभा जन्म दौलतगंजातल्या दोन खोल्यांत कुणाच्या अध्यातमध्यात न जाता काढला, आणि एक्याऐंशीव्या वर्षी हाडांत पसरलेला कर्करोग पत्करला. रात्री ती ओरडत नसे, उशीचा अभ्रा दातांत धरायची. सकाळी माझी बायको तो बदलायची. डॉक्टर म्हणाले, मॉर्फीन द्या. अफूपासून काढलेलं वेदनाशामक, तोंडाने घ्यायची साधी गोळी, किंमतही फार नाही. मी पर्चा घेऊन निघालो, म्हणजे वर सांगितलेली चूक पहिल्याच दिवशी केली.

पहिला दुकानदार हसला. दुसऱ्याने आवाज खाली आणला, ‘भाईसाब, वो सब हम नहीं रखते.’ ज्याने वर्षानुवर्षं मला पॉइंट फाइव्ह मोजून दिल्या, त्या तिसऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की घरी येताना मीच माझे खिसे चाचपले.

अशा वेळी ग्वाल्हेरकराने खचू नये, आपल्या शहराचा मान आठवावा. देशातल्या अफूच्या शेतीवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय १९६० साली शिमल्याहून आपल्याकडे आलं, ते आजही मोरारमध्ये आहे. राज्याचे आबकारी आयुक्त मोतीमहालात बसतात. अफूचे पट्टे, म्हणजे लागवडीचे परवाने, मिळतात त्या नीमच-मंदसोरला जायला एक रात्र पुरते. फेब्रुवारी-मार्चात तिथे बोंडांना चिरा देतात, चीक खरवडतात, एप्रिलमध्ये सरकारी तोल होतो. हेक्टरी मॉर्फीन किती उतरलं यावर शेतकऱ्याचा पुढच्या सालचा पट्टा ठरतो. नीमचला सरकारी कारखाना आहे. हा चीक राजरोस काढून निर्यात करणारा जगात आपला एकच देश. आत्याच्या खाटेपासून मोरार रिक्षाने फार तर अर्धा तास, तेव्हा तिने अभ्रा चावताना अभिमान बाळगायला काहीच हरकत नव्हती.

त्याच बोंडांतली खसखस मात्र कायद्याने बिया म्हणून वगळली आहे. दिवाळीला आत्या अनारशांवर ती मूठमूठ पेरायची, आणि कुणी तिच्याकडे ओळखपत्र मागितलं नाही.

हा कडेकोट बंदोबस्त झाला अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने. हेतू थोर होता, गर्दुल्ल्यांना आळा घालायचा. शिक्षा अशी की मोठा साठा सापडला तर दहा वर्षांखाली सुटका नाही. परवाने राज्यागणिक वेगळे. बाळगायचा एक, आणायचा दुसरा, पाठवायचा तिसरा. आणि तिसरा हाती येईतो पहिल्याची मुदत टळलेली. इस्पितळांनी शहाणपणाने मॉर्फीन ठेवणंच सोडलं. १९८५ च्या सुमारास देशात वर्षाला शेकडो किलो लागणारं मॉर्फीन १९९७ साली जेमतेम १८ किलोवर आलं. गर्दुल्ल्यांची संख्याही त्याच प्रमाणात घटली असणार, असं आपण समजून चालू.

पुढे केरळातल्या काही हट्टी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा सुधारला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. परवान्यांची चळत गेली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिली की इस्पितळ ती ठेवू शकतं. म्हणजे कायदा मोकळा झाला. कायद्याची भीती मात्र अजून जुन्याच परवान्यावर चालू आहे.

तेव्हा मान्यता असलेलं इस्पितळ शोधा. तिथे जाताना आधार, बायोप्सीचा कागद, जुना पर्चा, नवा पर्चा, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स घ्या. दुखणं सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोन या वेळात आणा. आम्ही गेलो त्या इस्पितळात गोळ्या होत्या, कपाट होतं, कपाटाची किल्लीही होती. किल्ली ज्यांच्याकडे ती मंडळी भाचीच्या लग्नाला झाशीला गेली होती. आम्ही मंगळवारी यायचं, असं ठरलं. आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं. मंगळवारपर्यंत थांबते हो.’

नातेवाइकांना या काळात घरी बोलावू नये. आमच्याकडे इंदूरचे एक मामा आले, मला गॅलरीत नेऊन म्हणाले, ‘अरे, सवय लागेल तिला.’ एक्याऐंशी वर्षांची बाई, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायला दोन माणसं लागायची. ती वाईट संगतीला लागून घरातली भांडी विकेल, ही काळजी खरोखर त्यांच्या चेहऱ्यावर होती. जाताना त्यांनी विचारलं, प्रवासात झोप लागत नाही, तुझ्याकडे ती पॉइंट फाइव्ह असेल ना?

मंगळवारी गोळ्या मिळाल्या. आत्या पाच रात्री झोपली. पाचव्या सकाळी अभ्रा कोरडा होता.

तेरावं झालं आणि महिनाअखेरीला मी माझी ब्लडप्रेशरची गोळी आणायला मेडिकलवर गेलो. पंखा चालू होता, चहा होता, रजिस्टर उघडं होतं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘भाईसाब, बुआजी का मकान नंबर यही है ना?’ मी वाकून पाहिलं. अल्प्राझोलाम, पॉइंट फाइव्ह, तीस नग. पत्ता बरोबर होता.