उपसा थांबला की तवंग परत येतो
दूषित भूजल उपसून शुद्ध केलं की प्रश्न मिटतो, हे लेखातलं वाक्य पटलं नाही. आमच्या विहिरीशेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. पोहरा वर काढला की पाण्यावर रंगीत तवंग आणि डोकं उठवणारा वास. चार महिने उपसा केला, पाणी नितळ झालं. उपसा थांबला, पावसाने पातळी चढली आणि तवंग परत! पेट्रोल मुरमात, कातळाच्या भेगांत धरून बसतं आणि पाणी वर चढलं की सुटतं. तिथे बोअर घेऊन जमिनीतली पेट्रोलची वाफच ओढून काढावी लागते, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आणि वास गेला म्हणून कृपया ते पाणी पिऊ नका. पेट्रोलमधल्या बेंझिन या विषारी द्रव्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, एवढंसं नाकाला कळतच नाही. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.