पहिलीला कुणीही शिकवतं म्हणे

आज बेळगावात एका लग्नात नात्यातल्याच एका गृहस्थांनी माझी ओळख करून दिली. "ह्या पहिलीला असतात. लहान पोरं सांभाळायची, बस्स. हुशार होत्या, हायस्कूलला जायला पाहिजे होतं." लग्नघर म्हणून तिथं गप्प बसले. घरी आले तरी डोकं शांत होईना.

पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, डी.एड. केलं ते मला लहान पोरांनाच शिकवायचं होतं म्हणून. तेव्हापासून खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत आहे आणि दरवर्षी पहिली मी मागून घेते. नलीकलीत, म्हणजे कर्नाटकातल्या आनंदानं शिकायच्या पद्धतीत, पहिली ते तिसरीची पोरं एकाच खोलीत गटागटानं बसतात. एकजण अक्षर गिरवतोय, शेजारची गोष्ट वाचतेय, तिसरा वजाबाकीत अडकलाय, चौथ्याला घरी जायचंय. सांभाळायची म्हणे! एक दिवस या आणि सांभाळून दाखवा.

गवळीवाड्यावरून एक पोरगा आला होता. जंगलातनं चालत यायचा. जूनपासून तोंड उघडलं नव्हतं. आकडे शिकवताना मी विचारलं, तुमच्या घरी म्हशी किती? त्यानं आकडा सांगितलाच नाही. नावं सांगितली. चंद्री, मोरी, भोरी, काशी, गंगी... एकेकीचं नाव घेत गेला, आणि सगळी खोली ऐकत राहिली.

मी ती नावं तशीच फळ्यावर लिहिली.

पुस्तकात सोपी अक्षरं आधी आणि जोडाक्षरं शेवटी असतात. ह्यानं सगळ्यांत आधी 'चंद्री' ओळखलं, कारण ती त्याची लाडकी. मग 'मोरी' आणि 'भोरी'. म आणि भ मध्ये पहिलीची निम्मी पोरं घोटाळतात. हा नाही घोटाळला. कळपात दोघींना लांबून ओळखणारा पोरगा फळ्यावर कशाला चुकेल? आणि एक दिवस आपणहून उठून म्हणाला, "बाई, दोघींच्या शेवटाला एकच हाय." त्याला 'री' सापडला होता. मी सांगितलेला नव्हता. हे लिहितानाही मला भरून येतंय.

माझं शिकवणं एवढंच आहे. पोरगं घरून काय घेऊन आलंय ते आधी बघायचं, आणि अक्षर त्याला नेऊन जोडायचं. पालघरकडच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या बायांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच उचलून गुरांमागं नेली. त्या बायांना कुणी 'पोरं सांभाळणाऱ्या' म्हणायची हिंमत केली असती का?

आणि हे फक्त घरच्या बोलीत होतं. त्या पोराला पहिल्याच दिवशी 'बफेलो' शिकवलं असतं तर मोरी आणि भोरी दोघी वाड्यावरच राहिल्या असत्या. इंग्रजी लागतं, मान्य. कन्नडही यायलाच पाहिजे, इथंच राहायचंय, आणि माझी पोरं ते पहिलीपासून शिकतात. पण पाय कुठं रोवायचा ते तर ठरवा!

१९५६ साली आपला बेळगाव भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्याच साली घटनेत ३५०अ कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं त्यात आहे. आपल्याकडं व्यासपीठावर हे कलम सगळ्यांना पाठ. आणि भाषण करून उतरलेल्यांची नातवंडं सकाळी व्हॅननं इंग्रजी शाळेला! मग मराठी शाळेचा पट घटला की रडायचं कुणापुढं? राग येतो मला. सरकारवर आहेच, पण आपल्याच माणसांवर जास्त येतो.

परवा एक आई म्हणाली, "बाई, तुमच्यावर विश्वास हाय, पण भावकीत नावं ठेवतात." तिच्यावर कसं रागवायचं? तिला आपणच घाबरवलंय.

तो पोरगा आता मोठ्या वर्गात आहे. कन्नड चांगलं वाचतो, गणितात पुढं आहे. म्हशींना नावानं मोजणारा तोच हा.

शाळेतला सगळ्यांत अनुभवी शिक्षक पहिलीला द्या, हे मी प्रत्येक मीटिंगला सांगते आणि सांगत राहणार. नवीन माणूस मोठ्या वर्गावर निभावून नेईल. पहिलीत एकदा पोरगं बुजलं की ते परत आणताना वर्षं जातात.

येत्या रविवारी पुढच्या वर्षीची पोरं बघायला वाड्यावर जाणार आहे. भागातलं कुणी बरोबर येणार असेल तर फोन करा. गाडी असली तर बरं, शेवटचा रस्ता खराब आहे.