थोडक्यात काय सांगायचं आईनं?

डोकं सटकलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आज सकाळी घरच्या ग्रुपवर आईचा व्हॉइस मेसेज आला. नेहमीसारखा ऐसपैस. म्हैस याली, रेडी झाली, चीक गल्लीत वाटला. हरभऱ्यावर घाटेअळी दिसायलीय. येळवसच्या (आमच्याकडची वेळ अमावास्या) आधी रानात पूजेला कडब्याची कोप घालायला गडी मिळतो की नाही कुणास ठाऊक. शेजारच्या काकूच्या सुनेला सातवा लागला. यावर बेंगळुरूहून आमच्या दादासाहेबांचं एका ओळीत उत्तर: 'आई, थोडक्यात सांगत जा, कामात असतो.' आईनं मुकाट अंगठा टाकला.

थोडक्यात म्हणजे काय रे? कुणी मेलं तर कळव, बाकी तुझं तुझ्यापाशी ठेव, असंच ना?

माझ्या यादीतले निम्मे लोक औसा, निलंगा, कळंब, अंबाजोगाईकडचेच आहात. तुम्हाला काय वेगळं सांगू? दहावीनंतर लातूर, तिथून पुणे नाहीतर हैदराबाद, आणि मागं दोन म्हातारी माणसं. ती काय रोज ब्रेकिंग न्यूज देणार आहेत?

मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. आईचा फोन आला तेव्हा चिंचेचं चालू होतं. आमच्या बांधावरची दोन झाडं, दरवर्षी ओसरीत बायका बसतात फोडायला आणि आई त्यांच्यात मुकादमासारखी. यंदा चिंच बारीक निघाली, आडतीवर काय भाव आहे, कोण बाई चिंचोक्यासकट वजन करून गेली, हे सगळं झालं. आणि मधेच म्हणाली, 'यंदा मी काय बसले नाही बाई फोडायला.' बस. एवढंच. आणि लगेच पुढं शेळीवर गेली.

आई आणि चिंच फोडायला बसली नाही? ताप असताना बसणारी बाई आहे ती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जाऊबाईला घेऊन गेली, करून आली, डोळ्याला पट्टी. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. का, तर 'तुम्ही उगं रजा टाकून पळत येताव.' त्याच दिवशी तिनं आधी दादाला फोन केला होता. तो झाडांपर्यंत पोचला आणि 'मीटिंग आहे' म्हणून कटला. ऑपरेशन चिंचेच्या पोटात होतं. आमच्या आया अशाच सांगतात. मोठी गोष्ट चार बारक्या गोष्टींच्या मधे सरकवून देतात, समोरच्याला धक्का लागू नये म्हणून.

बरं, मान्य. तिचा फोन नेमका स्क्रीन शेअर करताना येतो. आणि लोकांच्या सुनांविषयी ती जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नसतं. पुढं.

२०१६ आठवतंय? १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ऑफिसात मला लोक विचारत होते, 'अगं, तुमच्याकडे एवढं वाईट आहे?' मला त्याच्या किती आधीपासून ठाऊक होतं! मावशीच्या गल्लीत नळ येईना, मावशी म्हणते उन्हाळ्यात पाहुणे नकोत, टाकीपाशी भांडणं, भांडी आता राखेनं घासून पुसून ठेवते. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली ती पेपरात आली. मावशीनं पोरीचा साखरपुडा पुढं ढकलला ते कुठं छापून येणार? ते आईच सांगणार.

आणि २०२५ची सोयाबीन. टीव्हीवर दिसतं, हमीभाव क्विंटलला ५,३२८. आईकडून कळतं की सप्टेंबरच्या पाण्यात भिजलेल्या मालाला मोंढ्यात कुणी हात लावेना, आणि बाबा आडत्याशी न बोलताच घरी आले, दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. आता यातलं 'थोडक्यात' काढून दाखव. भाव कमी लागला, एवढंच उरतं. बाबा गायब.

दादा पैसे पाठवतो, वेळेवर पाठवतो. ते मी नाकारत नाही. पण पुन्हा पुन्हा माझ्या डोळ्यासमोर ती पट्टी बांधलेली बाई येते, एका डोळ्यानं फोनवर त्याचं नाव शोधणारी. नंबर लावला कसा असेल तिनं? आणि लावून चिंचेचं सांगत बसली! राग दादाचा येतो की तिचा, आत्ता लिहिताना मलाच कळेना झालंय.

त्याच्या बारावीला ती लातुरात एका खोलीचं भाडं भरून राहिली होती. बाबा गावाकडं हातानं भाकरी थापून खायचे. हा क्लासवरून आला की ताटावर बसून सुरू: कोणत्या सरांनी काय शिकवलं, कुणाला किती पडले, पुढच्या बाकावरचा पोरगा कसा शिष्ट. आईला त्यातलं केमिस्ट्री काय कळत होतं डोंबल. तरी तिसऱ्या दिवशी विचारायची, 'त्या शिष्ट पोराचं काय झालं रं?' पोरगा चांगला आहे आमचा. मनात काही नसतं त्याच्या. तिकडं दोन-दोन तास गाडीत अडकतो, घरी येऊन पुन्हा लॅपटॉप. कळतं मला.

पण दुपारी काय झालं ऐका. आईचा ग्रुपवर दुसरा मेसेज. टाइप केलेला! 'सगळं ठीक. जेवलो.' माझ्या पोटात गोळा आला. एवढं कमी ती कधीच बोलत नाही. डबा तसाच ठेवून जिन्यात गेले आणि फोन लावला.

'काय झालं गं आई?'

'कुठं काय झालं? दादा म्हणला ना थोडक्यात सांग म्हणून.'

मग सगळं काढून घेतलं तिच्याकडून. रेडीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. येळवसच्या भज्जीला तुरीच्या शेंगा घरच्याच निघतील, वाटाणा तेवढा औशाच्या बाजारातून आणायचा. अंबिलीला ताक काकू देणार, त्यांची म्हैस जुनी. दादा येणार असला तर उंडे जास्त करते म्हणाली, त्याला सांग, पण मी सांगितलं म्हणून सांगू नको. डोळ्याचं विचारलं, तर सुईत दोरा एका झटक्यात जातो म्हणे. कंबरेचं विचारलं, तर हरभऱ्यावर गेली. तिथंच मी तिला धरलं. 'कंबर, आई.' तर म्हणते, 'थांब, थ्री फेज आली, बाबाला मोटार चालू करायला उठवते,' आणि फोन ठेवून दिला.

कंबरेचं काय ते रात्री विचारते. दादा, तूही लाव. आणि कट करू नको.