‘तिकडे बोलेरो बघा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

चोपड्याच्या एका वाचकाने विचारलं होतं, २०१६ ची स्कोडा सुपर्ब टीडीआय (डिझेल) घेऊ की २०१५ ची टोयोटा कॅमरी हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली)? त्यांचं महिन्यातून दोनतीनदा सुरत नाहीतर इंदूर होतं, म्हणून मी सुपर्ब सुचवली. त्यावर दुसऱ्या एका वाचकाची आलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘डीएसजी (सुपर्बचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे खर्चाचं घर. जुनी डिझेल पुढे कोणी घेणार नाही. विम्याचा फरक तुम्ही धरलाच नाही. आणि धुळ्या-जळगावच्या माणसाने एक्झिक्युटिव्ह सेडान शिकवू नयेत, तिकडे बोलेरो बघा.’

विम्याचं म्हणणं रास्त आहे. दोन्ही गाड्यांचं कोटेशन हातात आल्यावरच बयाणा द्यावा, एवढी भर लेखात टाकतो.

आता ते शेवटचं वाक्य. भाऊ, लेखातलं काही पटलं नाही तर जरूर सांगा, पण माणसाचं गाव काढायची ही कुठली रीत? तुम्ही नाव लिहिलं नाही, गाव लिहिलं नाही, आणि माझं गाव मात्र बरोबर धरलंत. बोलेरोला मी कमी लेखत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पावसाळ्यात तीच जाते. पण ज्या अंगणात बोलेरो उभी असते त्याच अंगणात लांबच्या प्रवासासाठी सेडानही असते, हे तुम्ही कधी येऊन बघितलेलं दिसत नाही.

माझे वडील अजिंठा चौफुलीजवळ गॅरेज चालवायचे. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी तिथेच. अँबॅसिडरचा रेडिएटर कसा खोलायचा, जाळीत अडकलेली धूळ उलट्या बाजूने पाणी मारून कशी काढायची, हे मला तिथे कळलं. उन्हाने तापलेलं बॉनेट उघडल्यावर वासावरून वडील सांगायचे की कूलंट गळतोय की ऑइल जळतंय. हे शिकायला मला दुसऱ्या कुठल्या शहरात जावं लागलं नाही.

उलट जुनी गाडी पारखायला आमच्यासारखा मुलूख नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी दोनला गाडी काढा, एसी पूर्ण ठेवा, भर रहदारीत वीसेक मिनिटं रांगवा आणि मग गार होऊ न देता हायवेला घ्या. थकलेला कंप्रेसर, अर्धवट चोंदलेला रेडिएटर, कमजोर फॅन, काहीच लपत नाही. संध्याकाळी गार हवेत सोसायटीभोवती दोन चकरा मारून जो गाडी ‘मख्खन’ म्हणतो त्याने आम्हाला शिकवू नये. हे कडू वाटेल, पण सुरुवात तुम्ही केलीत.

कॅमरीबद्दलही मी हेच लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. तिची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मागच्या सीटमागे असते आणि तिला थंड ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. म्हणजे ती हवा जिथून आत जाते ती जाळी धुळीने, आमच्याकडे तर कापसाच्या तंतूंनीही, भरली की बॅटरी तापते, आणि सततच्या तापण्याने तिचं आयुष्य घटतं. म्हणून जाळी स्वतः बघा, तिच्यावर सामान ठेवू नका, उन्हात एसी बंद करून गाडी हाकू नका, आणि घेण्याआधी बॅटरीच्या तपासणीचा लेखी रिपोर्ट मागा. हा सल्ला बोलेरोच्या गावातूनच आला आहे. कॅमरी वाईट गाडी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, मोटर धरून २०५ पीएस, मागची सीट घरच्या दिवाणासारखी. पण हायब्रीडची खरी बचत थांबत-चालत शहरात होते, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते. धुळ्याच्या पुढे सुरतेच्या रस्त्याला लागल्यावर ब्रेकच कमी लागतो, तिथे तो फायदा आटतो.

डीएसजीबद्दल फार लिहीत नाही. सगळे डीएसजी एका मापाने मोजू नका. ज्याचं नाव खराब झालं तो सात गिअरचा, कोरड्या क्लचचा, आणि तो सुपर्बच्या १.८ लिटर पेट्रोलला होता. मी सुचवलेल्या टीडीआयला सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. गाड्यांवर लिहायला कोण लायक हे ठरवण्याआधी एवढा फरक माहीत असायला हवा होता.

‘पुढे कोणी घेणार नाही’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चोपड्याच्या भाऊंना गाडी वापरायची आहे, विकायची नाही. हो, दिल्लीची १० वर्षांच्या जवळ आलेली डिझेल कोणी स्वस्तात देत असेल तर टाळा. तिकडे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाला होता, म्हणूनच त्या इकडे पाठवायला लागले. एनओसी (ना-हरकत दाखला) आणा, इथला रोड टॅक्स वेगळा भरा, नंबर बदला, आणि स्वस्ताई तिथेच संपते. एमएच पासिंगचीच घ्या.

पुढच्या वेळी नाव लिहून या, म्हणजे बरोबरीने बोलता येईल.

आणि चोपड्याच्या भाऊंना: माझं मत बदललेलं नाही. सुपर्ब घ्या. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलल्याची बिलं मागा, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. जुनं लोन असेल तर फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेची एनओसी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मालक बिलं दाखवायला टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडा, दुसरी शोधू. ट्रायलला मी येतो, फक्त दुपारची वेळ ठरवा.