तीन सूत तांबं

आमच्या गॅरेजात सध्या तांब्याच्या नळीचं पन्नास फुटी वेटोळं टांगलेलं आहे. येणारेजाणारे विचारतात, "गीझर खोललात का?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं सांगायचं तर तासभर जातो, आणि त्यात माझी बेअब्रूही आहे.

मी डॅलसजवळ राहतो. इथे घरी बिअर करायला सरकारची ना नाही. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन करता येते, फक्त विकायची नाही. आमच्या घरात दोन प्रौढ आहेत. त्यातल्या एकीला तो वास सोसत नाही, पण कायदा वासाबद्दल गप्प आहे.

कृती म्हणाल तर दह्याचीच. बार्लीचा गोड काढा करायचा, त्याला वर्ट म्हणतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, घालून तो तासभर उकळायचा आणि गार झाला की विरजण, म्हणजे यीस्ट, लावायचं. अडचण एवढीच की दुधाचं पातेलं दोन लिटरचं असतं आणि माझं १९ लिटरचं. ते आपापलं २० अंशांवर यायला रात्र जाते, आणि तेवढ्या वेळात त्या कोमट गोड पाण्यावर भलत्यासलत्या जंतूंची पंगत उठू शकते. म्हणून चिलर लागतो. नळीचं वेटोळं पातेल्यात सोडायचं आणि आतून गार पाणी फिरवायचं. आजोळी अंघोळीचा बंब होता ना, तोच उलटा केलेला. बंबात मधे आग आणि भोवती पाणी, इथे मधे पाणी आणि भोवती आग.

आता नळी कशाची घ्यायची?

मी तक्ता केला. मी तक्ता केल्याशिवाय टूथब्रशही घेत नाही. उष्णता वाहून नेण्याच्या परीक्षेत तांब्याला ४०० च्या आसपास गुण, अ‍ॅल्युमिनियमला निम्म्याहून थोडे जास्त आणि स्टेनलेस स्टीलला १६. सोळा! ज्याच्या डब्यांवर आमच्या सगळ्या मावश्यांची नावं कोरलेली आहेत ते स्टील इतकं सपशेल नापास असेल असं कधी वाटलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, पण 'जर्मनच्या भांड्यात आंबट ठेवू नये' हे ऐकत मी मोठा झालो आणि वर्ट आम्लधर्मीच असतो. जर्मनांचं पेय जर्मनच्या नळीनं बिघडवायचं हे माझ्या मनाला पटेना.

राहिलं तांबं. त्याची भीती म्हणजे कळकण्याची. कल्हई उडालेल्या पातेल्यातलं ताक एकदा प्यायलेला माणूस हिरवा डाग पाहिला की दोन पावलं मागे सरतो. मग वाचनात आलं की पूर्वी बिअरची भांडी तांब्याचीच असत, आणि ब्रिटनमध्ये उकळायच्या भांड्याला अजूनही 'कॉपर'च म्हणतात, मग ते स्टेनलेसचं का असेना. हिरवं मात्र राहू द्यायचं नाही. नळी घासून आत सोडली की वर्टच तिला चिंच लावल्यासारखी लखलखीत करतो. (ती लकाकी कुठे जाते हे मी तक्त्यात घेतलं नाही.)

दुकानात गेलो तर नवाच घोळ. तीन अष्टमांश इंची, म्हणजे आपल्याकडची तीन सूत, नळी नळकामाच्या रांगेतही होती आणि फ्रिजकामाच्या रांगेतही, आणि एक दुसरीच्या आत जात होती! मी फ्रिजवाल्यांची नळी आणि नळवाल्यांचे जोड घेऊन घरी आलो. जोड नळीवर असे डुगडुगायला लागले की जणू थोरल्याची चप्पल धाकट्याच्या पायात.

त्याच आठवड्यात सासरे आले. नाना सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात ३० वर्षं होते. गळ्यात तुळशीची माळ. गॅरेजमधला पसारा त्यांनी चष्म्यावरून पाहिला.

"हे कशाला, जावईबापू?"

"बिअर..."

"रस," नाना म्हणाले. तो विषय तिथेच मिटला. पुढे दोन महिने आमच्या घरात बिअर हा शब्द निघाला नाही.

"तीन सूत नळी ही. नळवाले सांगतात नावाला, फ्रिजवाले मोजतात बाहेरून. नळवाल्यांची तीन सूत बाहेरून मोजा, चार भरतील." मला हे कळायला दुकानाच्या तीन फेऱ्या आणि चाळीस डॉलर लागले होते. मग त्यांनी तक्ता मागितला आणि लग्नपत्रिकेतला मजकूर वाचावा तसा शांतपणे वाचला.

"आमच्याकडं बॉड्यांना, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांना, आधी पितळी ट्यूबा होत्या. पुढं स्टेनलेसच्या टाकल्या. साखर तेवढीच निघाली."

"पण नाना, ४०० कुठे आणि १६ कुठे?"

"नळीची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढ्यातनं उष्णता कशीही जाती. अडती ती रसात. नळीला लागलेला रस गार होतो आणि तिथंच बसून राहतो. तो हलवा. धातूकडं काय बघताय?" मग जरा थांबून, "नळाचं पाणी किती अंशाला येतं?"

मी थर्मामीटर धरला. टेक्सासातला जुलै. तीस.

"मग रस विसावर कसा येणार?"

तक्त्यात अकरा रकाने होते. पाण्याचा नव्हता.

तरी तांबंच ठेवलं, कारण ते हातानं वळतं. रुखवतातल्या तांदळाच्या डब्याभोवती आम्ही दोघांनी ते गुंडाळलं. पहिल्याच काटकोनात नळी चेपली. नाना म्हणाले, वाळू भरून वाकवा. वाळू नव्हती, म्हणून टोकांत मीठ ठासलं आणि मग वळण अगदी हत्तीच्या सोंडेसारखं आलं. "मीठ पाण्याबरोबर आपोआप जाईल," असंही तेच म्हणाले.

शनिवारी रस उकळला. आधी नळाचं पाणी, मग बर्फाच्या बादलीतून कूलरच्या पंपासारख्या छोट्या पंपानं, असा बेत. नाना लांब दांड्याचा डाव घेऊन बासुंदी आटवावी तसे ढवळत होते. ऐंशी, साठ, पंचेचाळीस. ढवळणं थांबलं की आकडा थांबे, लागलं की उतरे. पंचवीस मिनिटांत बावीसवर आलो. नानांनी डाव आडवा ठेवला आणि माळ सारखी केली.

पाणी वाया घालवायचं नाही असा बायकोचा नियम आहे, त्यामुळे नळीचं दुसरं टोक मी अंगणातल्या कुंडीत सोडलं होतं. सुरुवातीचं पाणी चहाच्या आधणासारखं येतं हे मला ठाऊक होतं. त्यात मीठ होतं हेही ठाऊक होतं. कुंडी कढीपत्त्याची होती, चार वर्षं हिवाळ्यात घरात घेऊन जगवलेल्या कढीपत्त्याची, हे काही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमटीत डाळीपेक्षा कढीपत्ता जास्त होता. नाना एकेक पान काढून ताटाच्या कडेला रांगेत लावत होते. बायको वाढून आत गेली तसे ते हळूच म्हणाले, "पुढचा रस कधी?"