ब्रॉडगेज हवीच, पण शकुंतलेची स्टेशनं पाडू नका

परवा बऱ्याच वर्षांनी पथ्रोटच्या स्टेशनवर गेलो, आपल्या शकुंतलेच्या, म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूरच्या बंद पडलेल्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) गाडीच्या, आणि तेव्हापासून जीव लागत नाहीये कशात. रुळांत बाभळी उगवल्यात, तिकीट खिडकीची चौकट कुणीतरी उपटून नेली, आत बकऱ्या बसलेल्या. लहानपणी आजीसोबत इथूनच मूर्तिजापूरला जायचो. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, चार तास लागायचे, पण एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त म्हणून मजूर, भाजीवाल्या बाया सगळे हिलाच धरून. शेवटी शेवटी तर स्टेशनवर रेल्वेचा माणूसच नसायचा, गार्डच तिकिटं द्यायचे, गाडीतलाच कुणीतरी उतरून फाटक लावायचा आणि गाडी पुढे गेली की उघडून परत पळत येऊन चढायचा!

वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून बोटीनं मँचेस्टरला जावा म्हणून किलिक निक्सन कंपनीनं ही लाईन टाकली, आणि मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत हिला ओढत होतं. त्या डब्यांतून आपल्याच आजोबा-पणजोबांच्या वावरातला कापूस गेलाय बापा, अजून कोणता इतिहास पाहिजे?

ही लाईन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झालीच पाहिजे, त्या मागणीत मी पण आहे. पण ब्रॉडगेज म्हणजे जुनं सगळं जमीनदोस्त, हे कोणी ठरवलं? ७६२ मिलीमीटर रुंदीच्या नॅरोगेज रुळासाठी केलेला जमिनीलगतचा फलाट १६७६ मिलीमीटरच्या ब्रॉडगेज गाडीला तसाही चालणार नाही, नवा उंच फलाट, नवी इमारत लागणारच. मग जुन्या दोन खोल्या बाजूला राहिल्या तर कोणाचं काय अडतं? छप्पर नीट करा, दारं बसवा, अभ्यासिका करा तिथे, गावातल्या पोरांना स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसायला धड जागा नाही.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे, चांगलं आहे, मुलांना दाखवून आणलंय मी. पण तिथे इंजिन नेता येतं, डबा नेता येतो, पथ्रोटचं स्टेशन कसं नेणार? ते इथेच राहिलं तर राहिलं.

येत्या रविवारी सकाळी मोजपट्टी आणि मोबाईल घेऊन जातोय, भिंती, खिडक्या, पाट्या सगळ्याची मापं आणि फोटो घ्यायचेत, निवेदनाला जोडायला. ज्यांच्या घरी शकुंतलेचं जुनं तिकीट, पास, फोटो काहीही असेल त्यांनी प्लीज इनबॉक्स करा, आणि जमलं तर विळा-कोयता घेऊन या, आधी त्या बाभळी काढू.