अर्धा इंच, बाकी समजून घ्यावे

ज्या छिद्रात पाइपचे आटे पाडायचे आहेत, त्याच्याकडे ड्रॉइंगवर एक बाण ओढावा, बाणाच्या शेपटीशी "१/२ इंच पाइप आटे" एवढेच लिहावे आणि निश्चिंत मनाने पुढच्या शीटकडे वळावे. याहून एक अक्षरही अधिक लिहिणे म्हणजे टर्नरच्या अनुभवावर अविश्वास दाखवणे होय, आणि तो अपमान आपल्यासारख्या सुसंस्कृत माणसाने कुणाचा करू नये.

एखादा चौकस टर्नर व्हर्नियर घेऊन तो अर्धा इंच शोधू लागेल. शोधू द्यावे. आटे आतून, बाहेरून कसेही मोजले तरी त्याला १२.७ मिलिमीटर सापडणार नाहीत, कारण हा अर्धा इंच फार पूर्वीच्या पाइपच्या पोकळीचा आहे आणि आता तो केवळ नावापुरता उरला आहे. ब्रिटिश पद्धतीच्या सरळ आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर असतो. अमेरिकन पद्धतीचे आटे ज्या पाइपवर पाडतात, त्याचा बाहेरचा व्यास २१.३४ मिलिमीटर असतो. आणि मेट्रिकवाले त्याच पाइपला डीएन १५ म्हणतात. एवढी समृद्धी हाताशी असताना एकच आकडा निवडून बाकीच्यांवर अन्याय का करावा? ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल, तर अर्ध्या इंचाचे रूपांतर करून सरळ "१२.७ आटे" लिहावे. हे मी गमतीने सांगत नाही. असे लिहिलेले ड्रॉइंग मी हातात धरलेले आहे.

आणखी काही लिहिण्याचा मोह आवरलाच नाही, तर "बीएसपी", म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप, लिहावे. या तीन अक्षरांत खूप काही सांगितल्याचा भास आहे आणि मुख्य गोष्ट मात्र शाबूत लपलेली आहे. आटे सरळ की टेपर, म्हणजे निमुळते, हे त्यातून कळत नाही. सरळ आटे आयएसओ २२८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे "जी १/२" असे लिहितात. तेथे आटे केवळ धरून ठेवतात आणि गळती रोखण्याचे काम वॉशर किंवा ओ-रिंग करते. टेपर आटे आयएसओ ७ प्रमाणे लिहितात, बाहेरचे "आर १/२" आणि आतले "आरसी १/२". ते १६ ला १ या प्रमाणात निमुळते होत जातात आणि आट्यांवरच घट्ट बसून गळती रोखतात. त्यातच "आरपी" नावाचे आतले सरळ आटेही याच टेपर कुटुंबात नांदतात, पण त्यांची आठवण काढून कुणाची झोप उडवू नये. "जी" लिहिलेच, तर बाहेरच्या आट्यांसाठी पुढे "ए" किंवा "बी" हा टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, वर्ग आठवणीने गाळावा. सरळ आट्यांच्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये कुणी टेपर निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा आखूड तुकडा, पाना लावून आवळला आणि पाचर ठोकल्यासारखा ब्लॉक तडकला, तर दोष पान्याचा असतो, ड्रॉइंगचा कधीच नसतो.

संदिग्धतेची खरी कला मात्र ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्यातील निवड न सांगण्यात आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेला ५५ अंशांचा, गोलसर शेंड्याचा आटा एकीकडे आणि ६० अंशांचा, सपाट शेंड्याचा एनपीटी, म्हणजे अमेरिकन टेपर आटा, दुसरीकडे. १/४ इंचात एकाचे दर इंचाला १९ आटे आणि दुसऱ्याचे १८, त्यामुळे चारदोन फेऱ्यांतच निपल अडकतो आणि चूक त्याच दिवशी उघडी पडते. मी एकदा जुन्या जपानी ड्रॉइंगवरून "पीटी १/४" जसेच्या तसे उतरवले होते. ती संज्ञा ब्रिटिश टेपरची, पण पुढे "एन" लिहायचा राहिला असावा असा उदार अर्थ टर्नरने काढला आणि चोवीस ब्लॉक दुपारच्या आत भंगारात गेले. असले माप नवशिक्यांनी वापरावे.

१/२ आणि ३/४ इंचात मात्र दोन्ही पद्धतींचे दर इंचाला १४ आटे आहेत, आणि येथेच आपल्या कलेला वाव मिळतो. फिटर निपल हाताने लावतो, तो दोन-तीन फेऱ्या गुळगुळीत आत जातो; मग पाना लागतो, हाताला छानसा जोर जाणवतो, आणि फिटर समाधानाने हात पुसतो. लाइनवर दाब आल्यावर सॉकेटच्या खालच्या कडेला एक थेंब जमू लागतो, फुगतो, क्षणभर लोंबकळतो आणि पडतो. आट्यांचे कोन आणि शेंडे जुळत नसल्याने मधे एक सर्पिल वाट मोकळी राहिलेली असते आणि पाण्याला ड्रॉइंग वाचता येत नसल्यामुळे ते त्या वाटेने बाहेर येते. अशा वेळी आपण साइटवर जावे, वाकून थेंबाकडे पाहावे आणि "टेप कमी पडली" असे म्हणावे. आट्यांवर टेपचे चार वेढे असतील तर आठ सांगावेत.

खोलीबद्दल फार लिहू नये, "पुरेशी" म्हणावे. आतले आटे पाडणारा टेपर टॅप जितका खोल जाईल तितके छिद्राचे तोंड मोठे होते आणि पुढे निपल कुठेही न आवळता तळापर्यंत जातो. म्हणूनच काही कटकटी माणसे आटे तपासायच्या गेजची पातळी आणि अधिक-उणे एक फेरी अशी मर्यादा पाळतात. आपण टायटल ब्लॉकच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील माहितीच्या चौकटीच्या, वर "सर्व आटे संबंधित मानकानुसार" ही टीप टाकावी. कोणते मानक, असे कुणी विचारलेच, तर "संबंधित" या शब्दावर बोट ठेवावे.

एवढे करूनही गळतीची तक्रार लेखी आली, तर हातपाय गाळू नयेत. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती काढावी, "१/२ इंच पाइप आटे" हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, त्यांच्याभोवती सुधारणेचा ढग, म्हणजे बदल दाखवणारी ढगासारखी रेघ, काढावा आणि ढगाच्या आत ठळक अक्षरांत लिहावे: "गळती चालणार नाही."